नव्हते

कात्रीच्या थोरल्या भावाचे हात टीव्हीवर जितक्या वेळा दिसले असतील, तितक्या वेळा एखाद्या मंत्र्याचं तोंडही दिसलं नसेल. रस्त्यांना खड्डे पडले की हात. बसभाडं वाढलं की हात. धुकं पडलं, डिझेल महागलं, शाळा उघडल्या, शाळा बंद झाल्या, की पुन्हा हात. मोठ्या स्टिअरिंगवर ठेवलेले दोन दणकट हात, उजव्या हाताच्या पाठीवर कोडाचा एक पांढरा डाग, आणि चाक वळवताना मनगटाची ती सावकाश हालचाल. चेहरा मात्र नाही. चेहरा मूळ बातमीत होता, पण मूळ बातमी पुन्हा काढून बघायला आता वेळ होता कुणाला?

कात्री हे तिचं ऑफिसातलं नाव. बातम्यांची दृश्यं कापायची आणि जोडायची हे तिचं काम, म्हणून जुन्या संपादकांनी ते ठेवलं आणि ते घरापर्यंत चिकटत आलं. लग्न केलं नव्हतं, आणि आता त्याची घाई ना तिला होती ना नातेवाइकांना. भावाच्या घराच्या वरच्या खोलीत राहायची, जेवायला खाली यायची, आणि वहिनीशी आठवड्यातून एकदा भांडून पुन्हा तिच्याच ताटाशेजारी बसायची. भावाला सगळी गल्ली दादा म्हणायची, तीही म्हणायची. दादा स्कूलबस चालवायचा.

ते दिवस बरे होते असं म्हटलं की हल्लीची पोरं हसतात. हसू देत. बरे होते. टीव्ही केंद्रात तीन कॅमेरामन होते, एक गाडी होती जिचं मागचं दार दोरीने बांधावं लागायचं, आणि एका चुकलेल्या आडनावासाठी अख्खं ऑफिस डोक्यावर घेणारे संपादक होते. संध्याकाळी अर्धा तास बातमीपत्र चालायचं, आणि त्या अर्ध्या तासातली प्रत्येक चौकट कुणीतरी स्वतःच्या पायांनी जाऊन आणलेली असायची. बसला साधा ओरखडाही न पडू देता वर्षानुवर्षं मुलं नेणाऱ्या चालकांवर बातमी करायचं ठरलं, तेव्हा कात्रीने संकोचून सांगितलं की असा एक चालक तिच्या घरीच आहे. संपादक म्हणाले, "भाऊ आहे म्हणून घेऊ नका आणि भाऊ आहे म्हणून सोडूही नका. बघून या." बघायला गेला कॅमेरामामा. हा तिथला सगळ्यात जुना कॅमेरामन, सगळ्यांचा मामा. तो सबंध दिवस दादाच्या बसमध्ये बसला, बसला कसला, अर्धा वेळ खाली फरशीवर आडवा पडून होता, कारण त्याला हात हवे होते.

हात का, तर मुलांनी त्याला बदक दाखवलं होतं. दादाच्या उजव्या हातावरचा तो डाग बदकासारखा दिसायचा: अंगठ्याकडे वळलेली मान, मनगटाकडे शेपूट. दादा चाक वळवायचा तसं बदक पोहायचं. मोठी माणसं त्या हाताकडे बघून नजर चोरायची, काही जण पैसे हातात न देता डॅशबोर्डवर ठेवायचे. मुलांना मात्र ते बदक म्हणजे शाळेपेक्षा जास्त आवडीचं. "काका, बदक वळवा," म्हणून वळणाआधी गलका करायची. दादाचं नावच बदककाका. मामाने ते सगळं टिपलं, कात्रीने दोन मिनिटांत बसवलं, आणि साठवणीत ठेवताना नीट शोधशब्द लिहिले: स्कूलबस, चालक, हात, स्टिअरिंग, जवळून. पुढे कुणालाही पटकन सापडावं म्हणून तिने ते जीव लावून लिहिले होते. तिच्या कामाचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

मग खर्चकपात आली. ती कधी दार ठोठावून येत नाही. दोन दिवसांच्या पाहुण्यासारखी येते आणि बघता बघता पलंग बळकावते. आधी गाडी गेली. मग एकेक कॅमेरामन गेला, शेवटी मामा. आता तो लग्नं शूट करतो, आणि म्हणतो की तिथे निदान लोक कॅमेऱ्याकडे बघून हसतात. संपादक निवृत्त झाले, त्यांची खुर्ची भरली नाही, पुढे खुर्चीही नेली. स्टुडिओ एका गाद्यांच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी भाड्याने दिला. आवाज शोषून घेणारं अस्तर भिंतींना आधीपासूनच होतं, गाद्यांना झोप छान लागत असणार. बातमीपत्र आता दूरच्या मुख्य कार्यालयात तयार व्हायचं, सात विभागांचं एकाच टेबलावर, एकाच निवेदिकेच्या तोंडून, आणि प्रत्येक विभागाच्या वाट्याला काही मिनिटं. इथल्या केंद्रात उरली एक कात्री, एक संगणक आणि चहाची किटली. बातमी कुठलीही असो, चित्रं साठवणीतली. कारण नवी आणणार कोण?

तरी एक शब्द होता, ज्याने सगळ्यांची अब्रू राखली होती. 'संग्रहित.' जुनं दृश्य दाखवायचं तर कोपऱ्यात हा शब्द आलाच पाहिजे, असा संपादकांचा दंडक होता. म्हणजे बघणाऱ्याला कळायचं की हे आजचं नाही. मुख्य कार्यालयाचा नवा साचा आला तेव्हा त्या कोपऱ्यात गाद्यांची जाहिरात बसली. तीच, गोदामवाली. कात्रीने फोन करून विचारलं, तर पलीकडचा तरुण अधिकारी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, टेम्पलेटमध्ये जागा नाही." तो प्रत्येक प्रश्नाला टेम्पलेट आणायचा, म्हणून कात्रीने त्याचं नाव टेम्पलेटसाहेब ठेवलं, स्वतःशीच हसली आणि गप्प बसली. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण पाण्यात राहून माशाशी किती वैर धरणार? पगार येत होता.

आणि घरी तर मजाच होती. संध्याकाळी बातम्या लागल्या की दादाची मुलगी टपूनच बसायची. "आत्या, आले! बाबांचे हात आले!" डिझेलच्या बातमीत हात, संपाच्या बातमीत हात. वहिनी म्हणायची, "आमचा हिरो. सगळ्या सिनेमात काम, पण तोंड एकातही नाही." दादा लाजून हात पाठीमागे घ्यायचा. कात्रीला त्यात काही वावगं वाटायचं नाही. घरच्यांना तरी कुठे वाटत होतं?

त्या संध्याकाळी तिने स्वतः काहीच कापलं नव्हतं. दुपारी मुख्य कार्यालयाने कळवलं की विभागाच्या पार टोकाला एका स्कूलबसला अपघात झाला आहे, चित्रं आहेत का? चित्रं कुठून असणार? तिने तसं लिहून पाठवलं आणि घरी आली. बातम्या लागल्या. निवेदिका घाईघाईने कुठल्याशा गावाचं नाव म्हणाली, ते नीट ऐकूही आलं नाही, आणि पडद्यावर दादाचे हात आले.

"बाबा!" पोरगी सवयीने टाळी वाजवून ओरडली.

"दारूच्या नशेत भरधाव बस चालवणाऱ्या या चालकामुळे अनेक चिमुकली मुलं रुग्णालयात मृत्यूशी झुंज देत आहेत," निवेदिका म्हणाली. हात चाक वळवत होते. बदक पोहत होतं. कोपऱ्यात गादी होती.

वहिनीने टीव्ही बंद केला, मग पुन्हा लावला, जणू दुसऱ्यांदा लावल्यावर काही वेगळं दिसेल. दादा आपल्या हातांकडे बघत होता. दादा एके काळी घ्यायचा, आणि हे गल्लीला ठाऊक होतं. मुलगी झाली तेव्हा सोडली ती सोडलीच, स्कूलबस त्यानंतरची. पण लोक सोडल्याचं विसरतात, घेतल्याचं विसरत नाहीत.

"कुणी बघत नाही गं हल्ली टीव्ही," दादा शेवटी म्हणाला. "जेव तू."

पण मुलं बघतात. मोठ्यांच्या टीव्हीत त्यांना काही रस नसतो, पण आपलं बदक त्यांना लांबूनही ओळखू येतं. त्या संध्याकाळी कितीतरी घरांत एखादं पोर आनंदाने ओरडलं असेल, "हे आमचे बदककाका!" आणि आईबापांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. अपघात दूरवर झाला, बस दुसरी, चालक अटकेत, आणि आपला बदककाका तर समोर बसलेला, हे सगळं दिसत असूनही पालकांच्या मनात कुठेतरी काटा रुतलाच होता. म्हणे याने आधी कुठे काही केलं असेल. म्हणे टीव्हीवाले उगाच कशाला दाखवतील? एक आई बसच्या खिडकीशी आली आणि विनाकारण बोलत राहिली, शाळा किती वाजता सुटते, सहल कधी आहे. बोलता बोलता तोंड जवळ आणत होती. ती श्वासाचा वास घेते आहे हे दादाला उशिरा कळलं. कळलं तेव्हा त्याने तोंड उघडून तिच्याकडे नीट श्वास सोडला आणि म्हणाला, "घ्या. चहा आहे." हे त्याने संध्याकाळी घरी हसत सांगितलं. मग उठून मोरीत गेला, आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

आठवडा संपायच्या आत बसमालक घरी आला. माणूस वाईट नव्हता. खुर्चीच्या टोकावर बसला आणि चहाला नको म्हणाला, त्यावरूनच कळलं.

"दादा, मला तुमच्याबद्दल शंका नाही," तो म्हणाला. "पण पालक म्हणतात चालक बदला, नाहीतर आम्ही गाडी बदलतो. मी काय करू? टीव्हीने मनात घातलंय ते टीव्हीनेच काढायला हवं. तुमची बहीण तिथेच आहे ना? खुलासा येऊ दे. एकदा आला की मी एकेकाला फोन करून सांगतो, बघा, कानांनी ऐका. तोवर गाडी दुसरा कोणीतरी नेईल."

"आणि नाही आला तर?" वहिनीने विचारलं.

मालकाने तिच्याकडे बघितलं नाही. दादाने खुंटीवरची बसची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. द्यायला त्याने डावा हात पुढे केला, हे कात्रीने पाहिलं.

"येईल खुलासा," ती म्हणाली. "मी आणते."

सकाळी तिने टेम्पलेटसाहेबाला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हाच त्याचा वाईट गुण होता.

"चेहरा दिसतोय का?"

"नाही, पण..."

"नाव घेतलंय का?"

"नाही."

"मग झालं तर. मॅडम, हातांची बदनामी होत नाही."

"इथल्या प्रत्येक मुलाला तो हात माहीत आहे," कात्री म्हणाली. "त्यावर बदक आहे."

"टॅटू?"

"कोड."

"अच्छा. ओके. सो सॉरी." आणि मग पुन्हा तोच गोड आवाज. "पण मॅडम, दृश्य आम्ही शोधलं तेव्हा सिस्टिमने पहिलं तेच दिलं. शोधशब्द फार छान लिहिलेत कुणीतरी. स्कूलबस, चालक, हात. आम्हाला काय माहीत तो कोण आहे?"

"संग्रहित लिहिलं असतं तरी भागलं असतं."

"टेम्पलेटमध्ये..."

"जागा नाही. माहीत आहे मला." कात्रीचा आवाज चढला. गाद्यांच्या गोदामातला माणूस दारातून डोकावून गेला. "ऐका. खुलासा द्या. नाहीतर उद्यापासून या विभागातून तुम्हाला एक ओळ येणार नाही."

"तुम्ही राजीनामा देताय?"

"नाही. मी आजारी पडतेय. आणि मी आजारी पडले की इथे कुलूप लागतं, कारण तुम्ही दुसरं कुणी ठेवलेलंच नाही."

हे मात्र त्याला पटलं. माणसं कमी केली की उरलेल्या एकाला भाव येतो, हे खर्चकपातीच्या कागदात कुणी लिहिलेलं नसतं. त्याने कुणाकुणाला विचारलं, दुपारी परत फोन केला. शुक्रवारच्या बातमीपत्राच्या अगदी शेवटी, एक वाक्य. एकच. "आणि मॅडम, जाहिरात मशीन लावतं. ते कुणासाठी थांबत नाही. वाक्य आटोपशीर द्या."

"चित्र लावू नका," कात्री म्हणाली. "साधी निळी पाटी आणि त्यावर अक्षरं."

"नो प्रॉब्लेम."

ते वाक्य लिहायला तिला जितका वेळ लागला, तितका तिने कधी अर्ध्या तासाच्या बातमीपत्रालाही दिला नव्हता. जेवणाच्या टेबलावर कागद, शेजारी भाची मोबाइलमधलं घड्याळ लावून. आधी दिलगिरी होती, ती लांब झाली म्हणून काढली. दादा म्हणाला, "माझं नाव नको घालूस. ज्यांना नाही माहीत त्यांना कशाला?" म्हणून नाव काढलं. वहिनी म्हणाली की आपल्या बाजूने चांगलं काहीतरी असू दे, इतकी वर्षं ओरखडा नाही वगैरे. तेही मावेना. शेवटी जे उरलं ते असं होतं: नुकत्याच झालेल्या अपघाताच्या बातमीतील दृश्यांत दिसणारे चालक हे अपघातग्रस्त स्कूलबसचे चालक नव्हते, ती दृश्ये संग्रहित होती.

'संग्रहित' हा शब्द पुन्हा लिहिताना तिला बरं वाटलं. निवेदिकेच्या चालीवर तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं, भाचीने वेळ मोजली, वेळेत बसत होतं. "मस्त, आत्या," भाची म्हणाली. दादाने कागद हातात घेऊन स्वतःशी वाचला आणि मान डोलावली. असं शुद्ध, सरकारी भाषेत कुणी त्याच्याबद्दल कधी बोललं नव्हतं.

"चालक हे," तो म्हणाला. "मान दिलाय गं."

शुक्रवारी दुपारपासून तो फोनला चिकटून बसला. मालक सांगणार होताच, पण दादाला धीर निघेना. ज्यांनी मुलं काढून घेतली त्यांना, ज्यांनी ठेवली त्यांना, वास घेणाऱ्या त्या बाईलाही, सगळ्यांना त्याने स्वतः फोन केला. उभा राहून बोलत होता, जणू समोर कुणी साहेब आहे. "नमस्कार, मी बसवाला बोलतोय. आज संध्याकाळच्या बातम्या बघाल का? हो, खुलासा देणारेत. अगदी शेवटी आहे, तेव्हा शेवटपर्यंत बघा हं." कुणी बरं म्हणालं, कुणी कामात होतं. एका घरी त्यांनी ती मूळ बातमी बघितलीच नव्हती. "कसला अपघात?" असं त्यांनी विचारलं, आणि दादाने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. वहिनी दाराशी उभी राहून कपाळाला हात लावत होती. पण त्याला थांबवायचं धाडस तिला झालं नाही. कात्रीलाही झालं नाही. कितीतरी दिवसांनी तो ताठ उभा होता.

बातम्या लागल्या. सात विभाग झाले. भाची टीव्हीच्या इतकी जवळ बसली की वहिनीने तिला मागे ओढलं. शेवटी निवेदिकेने कागद बदलला आणि चेहऱ्यावर ते ठरलेलं हसू आणलं.

"आणि आता आमच्या सुजाण प्रेक्षकांसाठी एक महत्त्वाची माहिती," ती म्हणाली.

हे वाक्य कात्रीचं नव्हतं. मुख्य कार्यालयात कुणालातरी वाटलं असणार की नुसता खुलासा कोरडा दिसेल, थोडं सौजन्य हवं. ते सौजन्य निवेदिकेने सावकाश, लाघवी आवाजात म्हटलं. कात्री मनात सेकंद मोजायला लागली, कारण तिला वेळ कळत होती. तिच्या आयुष्यात तिला दुसरं काही कळत असो वा नसो, वेळ कळत होती.

निळी पाटी आली नाही. चित्र नसलेली चौकट साचा स्वीकारतच नव्हता, आणि वाक्यात स्कूलबस होती, चालक होते. सिस्टिमने शोधलं आणि जे पहिलं सापडलं ते लावलं. दादाचे हात आले. यावेळी अख्खा पडदा भरून, दुसरं काही दाखवायचंच नसल्यामुळे आणखी जवळून.

"नुकत्याच झालेल्या अपघाताच्या बातमीतील दृश्यांत दिसणारे चालक," निवेदिका म्हणाली, "हे अपघातग्रस्त स्कूलबसचे चालक..."

आणि गादी आली. पांढरीशुभ्र, उंच, तिच्यावर उड्या मारणारं एक हसरं कुटुंब. शांत झोपेची हमी.

"पुढे?" भाची म्हणाली. "आत्या, पुढे काय?"

आपल्या भाषेची ही एक खोडच आहे. सगळं सांगून होतं, कोण, कुठे, कशाचा, आणि माणसाला तारणारा तो एक 'नाही' मात्र शेवटाला ठेवलेला असतो. घरातली भांडी घासून झाल्यावर उरलेलं पाणी ओततात तसा. निम्मं ऐकून उठणाऱ्याने काय समजायचं? आणि इथे तर उठवलंच मशीनने.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली, पण रागाने नाही. राग यायला अंगात जोर लागतो.

दादा मात्र कात्रीकडे बघत होता, एखादी वस्तू जागेवर न सापडल्यावर घरच्या माणसाकडे बघतात तसा. "'नव्हते' कुठे गेलं गं?" त्याने विचारलं. "तू लिहिलं होतंस ना? मी वाचलं होतं."

"लिहिलं होतं, दादा."

"मग?"

दादाच्या फोनची घंटा वाजली, थांबली, पुन्हा वाजली. त्याने उचलला. "हो," म्हणाला. "ऐकलं मी पण... नाही, तसं नाही, पुढे एक शब्द होता... नाही, मी कशाला खोटं... बरं. बरं." नंतरचा फोन बसमालकाचा होता. तो बिचारा खरंच वाईट वाटून बोलत होता. आता माझेही हात बांधलेत, म्हणाला. दादाने फोन ठेवला. उजवा हात त्याने केव्हाच डाव्या काखेत दाबून धरला होता, थंडी वाजल्यासारखा.

कात्री जिन्यावर जाऊन टेम्पलेटसाहेबाशी बोलली. बोलली म्हणजे ओरडली, रडली, आणि पुन्हा ओरडली. त्याने ऐकून घेतलं. वाईट झालं, म्हणाला, वरपर्यंत कळवतो. "उद्या पुन्हा लावा," ती म्हणाली. "एका बातमीला एकच खुलासा, मॅडम. पॉलिसी आहे." मग अगदी खालच्या आवाजात, त्याने पहिल्यांदाच साच्याबाहेरचं काही सांगितलं. "इथे पण आम्ही दोघंच राहिलोय हो." तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून त्याचा आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसला गेली नाही. बसचा रस्ता तिला पाठ होता, मामाने टिपलेलं प्रत्येक वळण तिने कापलं होतं. पहिला थांबा जिथे होता, त्याच्या समोरच्या इमारतीत ती शिरली आणि पहिलं दार वाजवलं. दार उघडलं ते त्याच बाईने, जी खिडकीशी येऊन सहलीची चौकशी करत होती. अंगावर घरातले कपडे, हातात कंगवा, चेहऱ्यावर संकोच. वाईट बाई नव्हती तीही. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलं तर हाती कुणीच लागत नाही, हाच तर सगळा वैताग आहे.

"मी टीव्ही केंद्रातून आलेय," कात्री म्हणाली. "काल तुम्ही जे ऐकलंत ते अर्धवट होतं. त्या दृश्यात दिसणारे चालक हे अपघातग्रस्त बसचे चालक नव्हते."

"पण टीव्हीवर तर स्पष्ट सांगितलं," बाई म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यांनीच फोन करून ऐकायला लावलं."

"चूक झाली. शेवटचा शब्द कापला गेला. मीच ते लिहिलं होतं."

"तुम्ही लिहिलं?" बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग चेहरा बदलला, जरा मऊ झाला, आणि तो मऊपणाच कात्रीला जास्त लागला. "तुम्ही त्यांच्या बहीण ना? वरच्या मजल्यावर राहता त्या?"

"हो."

"अहो, मग बरोबरच आहे तुमचं," बाई हळुवारपणे म्हणाली. "बहीण दुसरं काय सांगणार?"

दार लागलं. आपटलं नाही, जपून लावलं. कात्री जिन्यात उभी राहिली. टीव्ही म्हणून ती बोलली ते लोकांनी एका क्षणात मानलं होतं, त्यातलं एक अक्षरही त्यांनी तपासलं नव्हतं. आणि आता स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या पायांनी येऊन सांगत होती, तर ती कुणाची तरी बहीण होती.

वर अजून मजले होते, आणि पुढे थांबे होते. तिने शेजारचं दार वाजवलं. आतून पावलं आली, कडी निघाली, दार थोडं किलकिलं झालं. समोर कोण आहे हे दिसायच्याही आधी कात्री बोलायला लागली.

"नव्हता," ती म्हणाली. "नव्हता हो तो. बस ठोकली तो माझा दादा नव्हता."